शेवटच्या कडव्यातलं नाव

सांडूचे गुडघे खड्ड्यात उतरताना कधी दुखले नाहीत. दुखायचे ते वर येताना. छावणीच्या ख्रिस्ती कबरस्तानात चाळीस वर्षं माणसांसाठी जागा करून दिल्यावर त्याचं एक मत पक्कं झालं होतं. खाली जाणं सोपं, ते देव सगळ्यांना जमवून देतो. वर यायलाच कुणाचा तरी हात लागतो. हे तो एकदा पाळकसाहेबांना म्हणाला आणि पाळकसाहेबांनी ते पुढच्या रविवारच्या उपदेशात आपलं म्हणून सांगून टाकलं. सांडूला त्याचं काही वाटलं नाही. आपल्या ओळी लोकांनी वापरायच्या आणि आपण मागं फावडं घेऊन उभं राहायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

खाम नदीच्या अलीकडं औरंगाबाद शहर आणि पलीकडं छावणी. तिथल्या दगडी देवळामागं मिशनच्या आवारात सांडूची एक खोली होती. ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणत. देवळाचा झाडू, घंटा, कंदिलांच्या काचा, कबरस्तानाची कुदळ आणि फावडं, इतकी सगळी खाती सांडूकडं होती. निजामसरकारच्या तालुकदाराकडंही इतकी नसतील. जन्म वाजंत्र्यांच्या घरातला. बाप सनई वाजवायचा, चुलता सूर धरायचा. घरानं बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी गोऱ्या साहेबानं सांगितलं की आता वरातीपुढं वाजवणं बंद. सनई आढ्याला खोचली गेली ती गेलीच. पण घराण्यातला सूर पाण्याच्या चार थेंबांनी धुऊन जात नाही. पोराच्या अंगातला सूर निघाला तो कुदळीच्या ठोक्यावर.

त्यांच्या मंडळीत एक रीत होती. सुरू केली सांडूनंच, पण ती इतकी मुरली होती की शास्त्रातच लिहिलेली असावी असं लोक समजत. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी नातलग कबरीपाशी जमत आणि सांडू त्या माणसाचं गाणं म्हणे. प्रत्येक माणसाला नवं गाणं. आणि अभंगात शेवटच्या कडव्यात जिथं रचणाऱ्याचं नाव यायचं, त्या जागी सांडू गेलेल्याचं नाव घाली. कुणी विचारलं तर म्हणे, "मी तर जिता हाय. मला नाव कशाला? ज्याचं पुसलं जातंय त्याचं घाला."

गाणं करायची त्याची तऱ्हाही वेगळीच होती. चाल मिळायची खणताना. शब्दांसाठी तो दुसऱ्या दिवशी त्या घरी जाई, उंबऱ्यापाशी बसे आणि एकच गोष्ट विचारी, "सवय काय व्हती?" लोक गोंधळत. कुणी सांगे, लई भाविक होता. कुणी सांगे, कष्टाळू होता, कुणाचं वाईट बघितलं नाही. सांडू मान हलवी. "हे तर समद्याच मढ्यांबद्दल सांगतात. सवय सांगा." मग घरातलं कुणीतरी, बहुतेक एखादी सूनच, हळूच सांगायची की सासूबाई सगळे जेवल्याशिवाय जेवत नसत, मग उरलं असेल नसेल. सांडू उठायचा. तिसऱ्या दिवशी कबरीपाशी गाणं व्हायचं:

सगळ्यांमागून । जेवणारी आई ।
तिला आधी देई । ताट प्रभू ॥

हे याकोब शिंप्याच्या आईचं. ते ऐकून याकोब कबरीच्या कडेला मटकन बसला, कारण जन्मभर आईच्या आधी ताटावर बसणारा तोच होता. सांडूची गाणी अशी होती. त्यात मेलेल्याची स्तुती थोडी आणि जित्याला विचार करायला लावणं जास्त. देवळात एरवी विलायती चालींवर बसवलेली गायनं म्हणत, दम लागेपर्यंत. त्यांत स्वर्गातले सोन्याचे रस्ते वगैरे पुष्कळ असायचं. ज्यांच्या वस्तीला साधी खडी पडली नव्हती त्यांना सोन्याच्या रस्त्याचं काय कौतुक असणार? ते म्हणायचे, कारण म्हणायचं असतं. सांडूचं गाणं मात्र ते घरी घेऊन जायचे आणि जात्यावर, मोटेवर, पाणचक्कीपाशी धुणं धुताना म्हणायचे. कबरीवर दगड उभा करायची ऐपत कुणाची नव्हती. दोन पावसाळ्यांत मातीचा ढिगारा खाली बसे आणि जागा ओळखू येत नसे. मागं राहायचं ते गाणं आणि शेवटच्या कडव्यातलं नाव.

आवडाबाईच्या फकिराचंही तेवढंच राहिलं होतं.

आवडाबाई चिकलठाण्याची. नवरा आधीच गेलेला, एकुलता एक पोरगा फकिरा मोट हाकायचा. एकोणिसाव्या वर्षी आठ दिवसांच्या तापानं गेला. तीन कोसांवरून बैलगाडीत घालून त्याला छावणीला आणलं आणि आवडाबाई परत जायला तयार होईना. सांडूची बायको आशाबाई हिनं तिला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं, आणि ती आठ दिवस तिथंच राहिली. सांडूनं तिला आपला नेहमीचा सवाल विचारला. एक अख्खा दिवस ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात घेऊन म्हणाली, "कवाड लोटायचा नाय. जाताना उघडंच टाकायचा. कुत्रं येतं रे, वारं येतं रे, किती बोलले. ताप आला त्या दिशी बी बोलले."

तिसऱ्या दिवशी सांडूनं म्हटलं:

दाराला लेकानं । लावली ना कडी ।
प्रभू, तुझी माडी । उघडीच ॥

अशी पाच कडवी, त्यातलं शेवटचं:

फकिरा गा, दिवा । ठेविला दारात ।
वारा येतो आत । तू ना येसी ॥

त्यानंतर आवडाबाई महिन्याच्या पहिल्या रविवारी चिकलठाण्याहून चालत येऊ लागली. उपासना झाली की पोराच्या कबरीपाशी बसून हे गाणं म्हणायची. आवाज काही बरा नव्हता. पण शेवटच्या कडव्याला ती थांबे, पदर नीट करी आणि मग 'फकिरा गा' म्हणे. हाक मारल्यासारखं. पंचवीस-सव्वीस वर्षं.

आता सांडूच्या स्वतःच्या घराचं. मानमोडीच्या साथीत, म्हणजे पहिली मोठी लढाई संपता संपता जो ताप आला त्यात, अकरा दिवसांत सांडूनं एकतीस खड्डे खणले. जमेल तशी गाणी केली. हात सोलून निघाले, आवाज बसला, आणि नवव्या दिवशी आशाबाई गेली. तिचा खड्डाही त्यानंच खणला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तिसरा दिवस आला. त्याच दिवशी आणखी दोघांचा तिसरा दिवस होता. त्या दोघांची गाणी त्यानं म्हटली. आशाबाईच्या कबरीपाशी मात्र तो नुसता उभा राहिला. शेवटी पाळकसाहेबांनीच एक सोन्याच्या रस्त्याचं गायन सुरू केलं आणि वेळ निभावून नेली.

लोक म्हणाले, दुःखानं वाचा गेली. तसं काही नव्हतं. खरं कारण सांडूनं कुणाला सांगितलं नाही, आणि ते फार साधं होतं. आदल्या दिवशी तो आपल्याच उंबऱ्यावर बसला होता आणि आपल्यालाच त्यानं विचारलं होतं, सवय काय होती? उत्तर आलं नाही. दळायची, पाणी भरायची, शेणी लावायची, देवळाची सतरंजी झटकायची. ही तर कामं झाली. सवय कोणती? बावीस वर्षं संसार करून त्याला एक सवय सांगता येईना. दुसऱ्यांच्या उंबऱ्यांवर बसण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. करू सावकाश, असं म्हणत म्हणत एकोणीस वर्षं गेली. गाणं झालं नाही. तो थकत गेला.

निजामाच्या रौप्यमहोत्सवाच्या कमानी उतरल्या त्या सुमाराला मंडळीनं गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. नानासाहेब तेव्हा पाळक होते. माणूस सज्जन, फक्त चार लोक जमले की समिती नेमायची त्यांना हौस. समितीनं तीन महिने चर्चा करून ठरवलं की पुस्तकात सांडूची सात गाणी घ्यायची. नानासाहेब स्वतः त्याच्या खोलीवर आले, ही साधी गोष्ट नव्हती.

"सांडूबाबा, सात गाणी तुमची. एवढी कुणाचीच नाहीत. फक्त एक करायचं. शेवटच्या कडव्यातली नावं काढायची."

"का बरं, साहेब?"

"हे पुस्तक जालन्याला जाईल, नगरला जाईल, पार हैदराबादपर्यंत जाईल. तिथल्या माणसाला काय ठाऊक, फकिरा कोण आणि याकोबची आई कोण? त्या जागी तुमचं नाव घालू. आपल्याकडं रीतच आहे, कवीचं नाव शेवटी येतं. आता हेच बघा." त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "'सांडू म्हणे, दिवा ठेविला दारात, वारा येतो आत, तू ना येसी.' प्रभूच्या येण्याची वाट पाहणारा भक्त. किती खोल अर्थ निघतो बघा."

सांडूनं ते मनात म्हणून पाहिलं. चार अक्षरं काढून चार अक्षरं घातली होती, ओळ कुठं अडत नव्हती. अर्थही निघत होता, पाळकसाहेब खोटं बोलत नव्हते. आणि खरं सांगायचं तर 'सांडू म्हणे' हे दोन शब्द ऐकून त्याच्या छातीत कुठंतरी बरं वाटलं. अडुसष्ट वर्षांत त्याच्या नावानं काही म्हटलं गेलं नव्हतं. सांडू झाड, सांडू खण, सांडू घंटा दे, एवढंच. दमलेल्या माणसाला नाही म्हणायला जी ताकद लागते तीही अंगात नव्हती.

"बरं हाय," तो म्हणाला.

ही बातमी चिकलठाण्याला कशी पोचली देव जाणे. पहिला रविवार नव्हता, साधा मंगळवार होता, आणि आवडाबाई दारात उभी. वय साठीच्या पुढं, पाय धुळीनं पांढरे. पाणी प्यायली आणि बसली.

"दादा, फकिराचं नाव काढतात म्हन."

सांडूनं तिचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मला वाचाया येत नाय. माझ्यापुरतं मी म्हनंन, मरस्तोवर म्हनंन. पर माझ्यामागं पोरं पुस्तकातून शिकतील. त्यात न्हाई म्हनजे न्हाईच. ढिगारा तर कवाच बसला. तू मला दाखवतोस म्हून मला कळतं, हितं हाय म्हून. तू गेलास, मी गेले, मंग फकिरा नावाचं पोरगं व्हतं हे कुनाला ठाव ऱ्हाईल?"

ती रडली नाही, की भांडलीही नाही. नुसती दमून बोलत होती. सांडूला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

"औरंगपुऱ्यात छापखाना हाय," तो म्हणाला. "उद्या जातो. सांगतो."

बुधवारी तो खाम ओलांडून शहरात गेला. औरंगपुऱ्याच्या गल्लीतला तो छापखाना लहानच होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा गयास नावाचा तरणा माणूस शाईचे हात फडक्याला पुसत बाहेर आला. उर्दू, मराठी दोन्हीचे खिळे त्याच्या बोटांना पाठ होते. सांडूनं नाव सांगितल्यावर त्यानं अदबीनं सलाम केला.

"अरे चाचा, तुम्हीच का ते? बैठो, बैठो. तुमचं गाणं जुळवताना आज मेरे हाथ दो बार रुके. ताटवालं." त्यानं एक ओला कच्चा कागद आणला आणि बोट ठेवलं. "ये देखो, तुम्हारा नाम."

सांडूनं कागद डोळ्यांजवळ नेला. मिशनच्या शाळेत शिकलेली अक्षरं अजून ओळखू येत होती. सां. डू. काळंभोर, ठसठशीत. त्यानं खाली पाहिलं. दुसऱ्या गाण्यातही होतं. तिसऱ्यातही.

गयासच्या हातात समितीनं पाठवलेली मूळ वहीही होती. तिथं 'फकिरा गा' वर तांबड्या शाईची रेघ मारलेली. "चाचा, हा फकिरा कौन था?"

"होतं एक पोरगं. चिकलठाण्याचं."

"दोपहर को फर्मा मशीन पर चढेगा. काही बदलायचं असेल तर अब्बीच बोलो. नंतर मेरे हाथ में नहीं."

बोलायला एवढा चांगला मोका माणसाला मिळत नाही. समोरचा माणूस ऐकायला तयार, आतला जुळवलेल्या पानांचा फर्मा अजून थांबलेला, आणि सांडू खास तेवढ्यासाठी नदी ओलांडून आलेला. पण त्याच्या हातात तो ओला कागद होता, आणि कागदावर त्याचं नाव होतं. तो म्हणाला, "काय नाय. सहज आलो व्हतो." गयासनं त्याला चहा पाजला. तो कसा लागला हे सांडूला नंतर आठवलं नाही.

आवडाबाईला त्यानं निरोप धाडला की छापून झालं होतं, उशीर झाला. निरोप नेणारा चिकलठाण्याचाच एक माणूस होता. तो परत येऊन म्हणाला की म्हातारी फक्त 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'नं सांडूला आठ दिवस खाल्लं. दिवसभर तो बारीकसारीक कामं उकरून काढायचा, पुसलेल्या काचा परत पुसायचा. एका माणसासाठी खड्डा खणायचा होता तर त्याचं माप चुकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुस्तकाचा रविवार आला. निळ्या पुठ्ठ्याच्या प्रतींची चळत वेदीपुढच्या मेजावर ठेवली होती. पुरुष बाकांवर, बायका डाव्या बाजूला सतरंजीवर. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी पुस्तकं घेतली, ज्यांना येत नव्हतं त्यांनीही काहींनी घेतली, हातात शोभतात म्हणून. नानासाहेबांनी प्रार्थना केली आणि सांगितलं की आता आपल्याच सांडूबाबांचं गाणं, पान एकवीस, आणि चालवतील स्वतः सांडूबाबा.

सांडू झांज घेऊन पुढं उभा राहिला. धोतर धुतलेलं, वरून मिशननं दिलेला जुना काळा कोट, बाह्या लांब. त्यानं सतरंजीवर नजर टाकली. आवडाबाई मागच्या ओळीत खांबापाशी बसली होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. पहिला रविवार होता, ती यायचीच होती. पण सांडूच्या मनात कुठंतरी होतं की ती येणार नाही.

त्यानं सुरू केलं. 'दाराला लेकानं लावली ना कडी.' मागून मंडळीनं उचललं. चाल सगळ्यांच्या अंगातलीच, पुस्तकाची कुणाला गरज नव्हती, तरी सगळे पुस्तकात बघून म्हणत होते. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. चौथ्याला सांडूनं पाहिलं की आवडाबाईनं पदर नीट केला. दरवेळी करायची तसा. मग तिला आठवलं असावं, कारण तिचा हात तिथंच थांबला. तिनं तोंड मिटून घेतलं आणि खाली सतरंजीच्या पट्ट्यांकडं बघत राहिली.

सांडूला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. कसलाही आडपडदा नसलेली, साधी लाज. आपण मेलेल्या पोराच्या जागेवर जाऊन झोपलोय असं त्याला वाटलं. आणि जागा कुणाची आणि निजवला कुणाला, एवढं तरी कबर खणणाऱ्याला कळायला पाहिजे.

शेवटचं कडवं आलं. त्यानं म्हटलं, "फकिरा गा, दिवा ठेविला दारात..."

बाकांवरून 'सांडू म्हणे' आलं. दोन्ही नावं मध्यावर आदळली आणि ओळीचा पार चुथडा झाला. कुणीतरी पान उलटून बघितलं. भजनात चालवणारा कडवं पुन्हा घेतो. सांडूनं पुन्हा घेतलं, अधिक मोठ्यानं. बसका आवाज, पण वाजंत्र्याच्या घरचा. या वेळी सतरंजीवरून दोनचार म्हाताऱ्या त्याच्याबरोबर आल्या. तिसऱ्यांदा सगळी सतरंजी आली. बाकवाले गोंधळले आणि मग ज्याला जसं जमलं तसं त्यांनीही पुस्तक खाली घेतलं. आवडाबाईचा आवाज त्या सगळ्यांत वेगळा ऐकू येत होता, कारण ती सुरात कधीच नसायची.

उपासना सुटल्यावर नानासाहेबांनी त्याला गाठलं. "सांडूबाबा, पुस्तकात बघून म्हणायचं होतं."

"डोळं गेलं, साहेब."

"तुमचं स्वतःचं नाव होतं तिथं."

"व्हय. दिसलं न्हाई."

समिती नेमण्यासारखी ही बाब नाही, हे नानासाहेबांना कळलं असावं. त्यांनी आपल्या हातातल्या प्रतीत पान एकवीस काढलं, खिशातली पेन्सिल घेतली, समासात बारीक अक्षरात 'फकिरा गा' लिहिलं, आणि 'सलाम' म्हणून निघून गेले.

दुपारी कबरस्तानातल्या लिंबाखाली आवडाबाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिनं अर्धी सांडूला दिली. तो खाली बसला. गुडघ्यांनी तक्रार केली ती त्यानं ऐकली नाही.

"आवडाबाई, एक सांगायचंय. मी छापखान्यात गेलो तवा छापलं नव्हतं. त्यो पोरगा म्हनला बी, आताच बोला म्हून. मी बोललो नाय."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"तुझ्या निरोपावरनं. खरं असतं तर तू सोता आला असतास सांगाया." तिनं चटणीत तुकडा बुडवला. "म्हातारं मानूस. एकदा नाव बघावं वाटलं, त्यात काय. बघितलंस. आज तर दिलंस की माघारी."

दोघं खात राहिली. मग तिनं हात पुसले. आणि फार दिवस जपून ठेवलेली वस्तू बाहेर काढावी तसं ती हळूच बोलली.

"आता मी बी खरं सांगते. इतकी वरसं सांगितलं न्हाई, कारन कडव्यात माझ्या पोराचं नाव व्हतं. सांगितलं तर तू काढशील, हे भ्या वाटायचं. दादा, कवाड माझ्या फकिराचं हाय. पर दिवा माझा न्हाई."

"म्हंजे?"

"माझ्या दारात मी कवाच दिवा ठिवला न्हाई. आमचं घर माळाला, वारं लई, दिवा टिकतच नाय. मी तुला कवाडाचं सांगितलं, दिव्याचं सांगितलंच नव्हतं. त्यो दिवा आशाबाईचा."

सांडूच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"मी आठ दिस तुझ्या खोलीत व्हते का न्हाई? रोज बघायची. तू कुनाच्या घरी, न्हाईतर हितं कबरीत. दिवेलागन झाली की ती दिवा उंबऱ्यावर ठिवायची आन बाजूला बसायची. वाऱ्यानं इझला की परत लावायची. चारदा इझला तर चारदा. मी म्हनले, अगं आत ठिव, त्याल कशाला जाळतीस? म्हनली, त्यांना खाली बघून चालायची सवय हाय, दार दिसत न्हाई त्यांना. तू आलास की दिवा उचलून आत न्यायची. तू बघितलंच न्हाईस कवा. पर गान्यात घातलंस, तवा मला वाटलं, ठाव आसंल ह्याला."

ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं अंधार पडताना तो घरी आला होता आणि बावीस वर्षं उंबरा दिसला होता. दिसतो म्हणून दिसतो, असं त्याला वाटायचं. कुणी ठेवला, किती वेळा विझला, हे त्यानं विचारलं नव्हतं; आणि तरी फकिराच्या गाण्यासाठी शब्द शोधताना नेमका तोच दिवा हाताला लागला होता, दुसऱ्याच्या घरचा समजून त्यानं तो दुसऱ्याला देऊन टाकला होता.

त्याला रडू आलं. त्यानं ते अडवलं नाही. आवडाबाई दुसरीकडं बघत बसली, पाठमोरी, जसं बाईमाणसानं बसावं.

ऊन कलल्यावर ती उठली. चिकलठाणं तीन कोस होतं. पोराच्या कबरीपाशी ती गेली आणि नेहमीसारखं गाणं म्हणायला लागली, बेसूर, सावकाश. दाराचं कडवं झालं, दुसरं झालं, चारही झाली. मग तिनं पदर नीट केला आणि पाचवं कडवं न म्हणताच ती वाटेला लागली. फाटकापाशी वळून एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला चार कडवी पुरं. नाव मी वरच्यात कुठंबी घालंन, तू नीट बसवून दे. पुढल्या पहिल्या आइतवारी येते."

ती नदीच्या उतारावर दिसेनाशी होईपर्यंत सांडू बघत राहिला. मग आपल्या बायकोच्या जागेपाशी आला. ढिगारा केव्हाच बसला होता, पण त्याला शोधावं लागलं नाही. तो गुडघ्यांवर टेकला आणि त्यानं म्हणून पाहिलं:

आशाबाई, दिवा । ठेविला दारात ।
वारा येतो आत । तू ना येसी ॥

ओळ कुठं अडली नाही. एक अक्षर कमी पडलं नाही की एक जास्त झालं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी, ती जिवंत असताना, दुसऱ्याच्या पोराच्या नावानं त्यानं जी जागा खणून ठेवली होती, ती बरोबर तिच्याच मापाची होती.